फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे? पाचोऱ्याच्या स्टुडिओतून एक परीक्षण

आमचा पाचोऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. नवरा शूटिंगला जातो आणि मी संगणकावर बसते. निवड, करेक्शन, करिझ्मा अल्बमचं डिझायनिंग, लॅबला फाइल पाठवणं, जुने फोटो दुरुस्त करणं, हे सगळं माझ्याकडे. फोटो जितक्या रूपांत असू शकतो तितक्या रूपांत तो माझ्या टेबलावर येतो. लोक मोबाईलचं परीक्षण लिहितात, कॅमेऱ्याचं लिहितात, लेन्सचं तर पानंच्या पानं लिहितात. फोटो ज्या फाइलमध्ये राहतो तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. कॅमेरा आठ-दहा वर्षांत विकला जातो किंवा माळ्यावर जातो, आपल्याकडे राहते ती फाइल. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते इथे मांडते.

निकाल आधी सांगते, कारण पुष्कळांना तेवढाच हवा असतो. घरच्या फोटोंसाठी फोनमधून किंवा कॅमेऱ्यातून निघालेली मूळ जेपीजी, तिच्यावर पुन्हा सेव्ह न करता ठेवलेली, सगळ्यात चांगली. लग्नासारख्या परत न घडणाऱ्या कामाला रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची नोंद. कागदावरचे जुने फोटो स्कॅन करायचे तर टिफ, म्हणजे चित्रातलं काही न टाकता ठेवणारी फाइल. आयफोनवाल्यांचं हेइक (HEIC), म्हणजे आयफोन ज्या फाइलमध्ये फोटो ठेवतो ती, चालेल, पण त्याच्याबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. आणि फॉरमॅट कुठलाही घेतला तरी ज्या रूपात फोटो जन्मला ती फाइल पुसायची नाही. माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी ही मूळ फाइल पुसल्याची असतात, फॉरमॅट चुकल्याची फार थोडी.

जेपीजीपासून सुरुवात करते, कारण तिला नावं ठेवणं ही आता फॅशन झाली आहे आणि मला ते पटत नाही. तिचा मानक १९९२ सालचा. जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप नावाच्या तज्ज्ञांच्या गटाने तो ठरवला, त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेपीईजी. तीस वर्षं उलटून गेली तरी ही फाइल न उघडणारं यंत्र मला भेटलेलं नाही. दहा हजारांचा फोन उघडतो, हॉलमधला टीव्ही उघडतो, लॅबचं मशीन उघडतं, परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म तर हीच मागतो. जपून ठेवायच्या वस्तूसाठी हा गुण फार मोठा आहे. नातवाच्या हातात फाइल पडेल तेव्हा ती उघडली पाहिजे, बाकीचे गुण त्यानंतर.

ती काम कशी करते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातला जो बारीक चढउतार डोळ्याला सहसा जाणवत नाही तो टाकून दिला जातो. उजेड-अंधाराची माहिती जास्त जपली जाते आणि रंगाची कमी, कारण आपला डोळाही उजेडाला जास्त तीक्ष्ण असतो. बहुतेक वेळा रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंनी निम्मी करतात. एवढ्याने २४ मेगापिक्सेलचा फोटो, जो न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवला तर ७२ एमबी होतो, तो ८-१० एमबीत बसतो. फोटोशॉपमध्ये क्वालिटी १२ वर सेव्ह केलेली जेपीजी आणि त्याच फोटोची टिफ, दोन्हींच्या १२ बाय १८ प्रिंट मी नवऱ्यापुढे ठेवल्या होत्या. त्याने दोन्ही उजेडाला धरून उलटसुलट पाहिल्या. त्याला ओळखता आलं नाही आणि कागद बाजूला ठेवल्यावर मलाही आलं नसतं. लॅबला अल्बमचं पान आम्ही जेपीजीतच पाठवतो. १२ बाय ३६ इंचाचं पान, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३६०० बाय १०८००. छपाई स्वच्छ येते.

दोष एकच आहे, पण खरा आहे. जेपीजी उघडून तिच्यात काही बदल केला आणि परत जेपीजी म्हणून सेव्ह केली की पुन्हा एकदा टाकाटाकी होते. क्वालिटी कमी ठेवलेली असेल आणि फोटो थोडा कापलेला असेल तर चौकोन आधीच्या जागी बसत नाहीत, आणि घसारा जास्त दिसतो. कुठे दिसतो तेही सांगते. लाल शालूच्या काठावर, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांभोवती, मांडवाच्या कमानीवरच्या नावाच्या अक्षरांभोवती. तिथे डासांच्या थव्यासारखे बारीक ठिपके उठतात. लाल रंग आधी फुटतो, कारण रंगाची माहिती आधीच कमी केलेली असते. आपल्याकडच्या लग्नात लाल रंग किती असतो ते वेगळं सांगायला नको.

इथे एक गैरसमज मात्र काढला पाहिजे. फोटो नुसता उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही. पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर कितीही वेळा कॉपी केला तरी एक पिक्सेल हलत नाही. बिघाड होतो तो बदल करून त्याच नावावर सेव्ह केल्यावर. म्हणून काम करायची असेल ती प्रत वेगळी करायची आणि मूळ फाइल तशीच ठेवायची. आमच्या संगणकावर प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये ‘मूळ’ नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यातल्या फाइलवर कुणीही काम करत नाही, नवराही नाही.

जेपीजीच्या नावावर जी बदनामी जमा होते, ती खरं तर व्हॉट्सॲपच्या खात्यावर जायला हवी. आमच्याकडे सगळ्यात घाईचं काम म्हणजे गंधमुक्तीचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या दिवसकार्याचा फोटो. माणूस गेल्यानंतर चार दिवसांत घरचे येतात, भिंतीवर लावायला मोठी फ्रेम हवी असते, आणि हातात व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो असतो. भडगावकडचे एक काका असेच आले होते. म्हणाले, “ताई, मना बापना हाऊच एक फोटो शे.” फोटो सारंगखेड्याच्या यात्रेतला. डोक्याला पांढरा फेटा, शेजारी घोडा, म्हाताऱ्या बाबांचा चेहरा खुललेला. मी मोठा करून पाहिला तर लांब बाजूला १६०० पिक्सेल. फ्रेम १२ बाय १८ची हवी, म्हणजे इंचाला नव्वदसुद्धा पिक्सेल मिळत नाहीत. फेट्याच्या घड्या गेल्या होत्या, दाढीचे खुंट गेले होते, गालाच्या जागी एक सपाट पट्टा होता. मी विचारलं, “काका, हा काढला कुणी?” तर सुरतला असलेल्या पुतण्याने. मी पुतण्याला फोन लावून दिला आणि सांगितलं, “भाऊ, तुमच्या मोबाईलमधला मूळ फोटो पाठवा, पण फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” पाच मिनिटांत फाइल आली, ४००० बाय ३००० पिक्सेलची. तीच जेपीजी, तोच फॉरमॅट. १८ इंचाला इंचामागे २२० पिक्सेल मिळाले, भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात. फेट्याची प्रत्येक घडी छापून आली.

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, पुन्हा दाबतं, आणि त्याच्या पोटातली माहिती काढून टाकतं. ही माहिती म्हणजे एक्झिफ. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, जीपीएस चालू असेल तर कुठे काढला, हे सगळं फाइलच्या आत लिहिलेलं असतं. ती गेली की दहा वर्षांनी घरातला हजारो फोटोंचा ढीग तारखेनं लावता येत नाही. एचडी निवडलं तर चित्र बरं जातं, पण तेही मूळ नसतं. म्हणून माझा आग्रह डॉक्युमेंटचाच. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर एकदा बसून दाखवून द्या, एकदा जमलं की ते विसरत नाहीत.

आता रॉ. याच्याबद्दल मला खूप बोलायचं आहे.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ सालचं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. राहिलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने भरले जातात. कॅमेरा जेव्हा जेपीजी देतो तेव्हा हा हिशेब, पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स), कॉन्ट्रास्ट, शार्पनेस हे सगळं तो स्वतः ठरवतो, आणि उरलेलं फेकून देतो. रॉ फाइल म्हणजे ते ठरवण्याच्या आधीची नोंद. जेपीजीत एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

या पायऱ्या कुठे लागतात ते समजायला जळगाव जिल्ह्यातलं एप्रिल-मेमधलं लग्न पाहावं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, बाहेर ४४-४५ अंश, वर लाल-गुलाबी कापडाचा मांडव. कापडातून गाळून आलेल्या उजेडाने सगळ्यांचे चेहरे गुलाबी झालेले असतात. दोन कापडांच्या फटीतून उन्हाचा पट्टा नेमका नवरदेवाच्या फेट्यावर पडलेला असतो. शेजारी मामा सावलीत काळे पडलेले. कॅमेऱ्याची जेपीजी अशा ठिकाणी हरते. लाल रंगाचा कप्पा काठोकाठ भरून गेलेला असतो, मग नंतर कितीही ओढलं तरी कातडीचा खरा रंग परत येत नाही, चेहरा राखाडी होतो. रॉमध्ये मी आधी पांढऱ्याचा तोल त्या मांडवाला लावून घेते, मग फेट्याचा उजेड खाली आणते, मग मामांना वर काढते, आणि माणसं माणसांसारखी दिसायला लागतात. हळदीच्या फोटोंचंही तसंच. एलईडी लाइटखाली हळद लावलेल्या नवरीचा गाल जेपीजीत पिवळ्या कागदासारखा सपाट होतो. रॉमधून त्यात पोत परत मिळतो. ओली हळद, सुकलेली हळद आणि खालची कातडी वेगळी कळते. नवरीची आई हा फोटो पाहते तेव्हा तिला फॉरमॅटशी घेणं नसतं, पण आपली मुलगी ओळखीची दिसते आहे हे तिला लगेच कळतं. त्यासाठी मी रॉला पैकीच्या पैकी मार्क देते.

आमचे सासरे, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, यांनी ब्लॅक अँड व्हाइटचा काळ डार्करूममध्ये काढला. त्यांना रॉ समजावून सांगायची वेळच आली नाही. लाइटरूम या रॉवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फोटो उघडून मी तीन तऱ्हांनी काढून दाखवला तर म्हणाले, “मग ही निगेटिव्ह झाली.” चाळीसगावच्या केकी मूस यांचं काम त्यांनी पाहिलेलं होतं. १९१२ साली जन्मलेले आणि १९८९मध्ये गेलेले कलामहर्षी मूस यांनी चाळीसगावात घरात राहून टेबल-टॉप फोटोग्राफी केली. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश लावून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा. त्यांच्या घराचं आज संग्रहालय आहे. खान्देशात राहून फोटोचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. उजेडाची प्रत्येक पायरी माणसाने ठरवलेली असली की फोटो कसा होतो, ते तिथल्या प्रिंटांसमोर उभं राहिल्यावर कळतं.

रॉचे दोष तितकेच स्पष्ट सांगायला हवेत. पहिला जागेचा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ २५ ते ३० एमबीची. तीन हजार फोटोंचं लग्न म्हणजे ७५ ते ९० जीबी, तेच जेपीजीत ३० जीबीत बसेल. दुसरा दोष मोठा आहे. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. कॅननची आधी सीआर२ होती, आता सीआर३ आहे. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. नवीन कॅमेरा घेतला की जुन्या फोटोशॉपला त्याची रॉ उघडता येत नाही, हा अनुभव लहान गावातल्या सगळ्या डिझायनरना आहे, कारण सॉफ्टवेअर दरवर्षी नवीन घेणं परवडत नाही. यावर अडोबीने २००४ साली डीएनजी नावाचा खुला फॉरमॅट काढला, आणि कोणत्याही रॉचं डीएनजी करणारा कन्व्हर्टर ते फुकट देतात. मी जुन्या कॅमेऱ्यांच्या निवडक रॉ डीएनजी करून ठेवते. सगळ्याच करत बसण्याइतका वेळ नाही, आणि तेवढी गरजही वाटत नाही.

घरी फोनवर फोटो काढणाऱ्याने रॉच्या मागे लागू नये. रॉ म्हणजे कच्चा माल, त्यावर बसायला वेळ हवा. न बसता नुसती साठवली तर मेमरी भरते आणि फोटो कधीच कुणी पाहत नाही.

टिफचं कौतुक मी वेगळ्या कारणासाठी करते. १९८६ साली आल्डस नावाच्या कंपनीने ती काढली, सहावी आवृत्ती १९९२मध्ये आली, पुढे आल्डस अडोबीत गेली. त्यानंतर तिच्यात मोठा बदल झालेला नाही आणि तोच तिचा गुण. तिच्यात काहीही टाकून दिलं जात नाही. एलझेडडब्ल्यू पद्धतीने दाबली तरी उघडल्यावर पिक्सेल तेच्या ते येतात. एका रंगाला १६ बिटची जागा मिळते. किंमत मोजायची ती आकाराची. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो १६ बिटमध्ये १४४ एमबी. म्हणून लग्नाच्या फोटोंना टिफ लावणं मला वेडेपणाचं वाटतं, आणि जुन्या फोटोंना न लावणं नुकसानीचं.

सावद्याच्या एका केळी बागायतदाराच्या घरून आलेला फोटो सांगते. आजोबांच्या तरुणपणचा गट, मागे मंडप. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे फैजपूरच्या अधिवेशनाच्या वेळचा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं, तेव्हाचा. प्रिंट ८ बाय १० इंच. एका कोपऱ्याला ओल लागून पिवळा डाग, आणि काळ्या भागावर चंदेरी झाक आलेली. ही झाक जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर येते, कागदातली चांदीच पृष्ठभागावर येते म्हणून. कुटुंबाने आधी कुठून तरी स्कॅन करून घेतला होता आणि त्यांना मिळाली होती ३०० केबीची जेपीजी. तिच्यात मागच्या ओळीतल्या माणसांना डोळे नव्हते. मूळ प्रिंट हातात होती म्हणून बरं. मी ती ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, ४८ बिट रंगीत (तिन्ही रंगांना १६-१६ बिट), टिफमध्ये स्कॅन केली. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. कारण पिवळा डाग ब्लू चॅनेलमध्ये, म्हणजे फाइलमधल्या निळ्या रंगाच्या थरात, गडद दिसतो आणि रेड चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाही. रेड चॅनेल उचलला की निम्मी दुरुस्ती आपोआप होते. फाइल झाली १७० एमबीच्या वर. पण मागच्या ओळीतल्या एका माणसाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं आहे इथपर्यंत दिसलं, आणि घरच्या काकूंनी त्या माणसाला ओळखलं.

त्या कुटुंबाला मी तीन गोष्टी दिल्या. हात न लावलेली टिफ, दुरुस्त केलेली टिफ, आणि नातेवाइकांना पाठवायला जेपीजी. जुने फोटो स्कॅनला देताना तुम्हीही हेच मागा. स्कॅन करणाऱ्याला आधीच सांगा, ऑटो करेक्शन बंद ठेव, साध्या प्रिंटला ६०० डीपीआय धर. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ बाय ६ इंचाचा फोटो अशा स्कॅनला २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, २४ बिटमध्ये साधारण २६ एमबी. घरातल्या शंभर फोटोंना तीन जीबीही लागत नाहीत. दहा-पंधरा रुपये जास्त घेतले तरी द्यावेत. प्रिंट दरवर्षी थोडी उडत असते, पुढच्या वेळी स्कॅन कराल तेव्हा आजच्याइतकी राहिलेली नसेल. निगेटिव्ह घरात सापडली तर ती प्रिंटच्या आधी स्कॅन करा. ३५ एमएमची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, तिला ६०० डीपीआय पुरत नाही, २४०० तरी हवेत.

हेइक हा आयफोनवाल्यांचा विषय. ॲपलने २०१७ साली आयओएस ११ बरोबर हा आणला. व्हिडिओ दाबायचं नवीन तंत्र फोटोला लावलं आहे, त्यामुळे त्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत बसतो. तंत्र म्हणून चांगला आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वापराबद्दल आहे. पाहुण्यांपैकी कुणी आयफोनवर काढलेले फोटो पेनड्राइव्हवर आणून देतं आणि ते आमच्या जुन्या विंडोज संगणकावर उघडत नाहीत. विंडोजला त्यासाठी बहुतेक वेळा वेगळं एक्स्टेन्शन घालावं लागतं. काही जण नाव बदलून शेवटी जेपीजी लिहून आणतात. नाव बदलल्याने आतली फाइल बदलत नाही, लॅबचं मशीन ती नाकारतंच. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधीचे हेइक असतील तर ते तसेच ठेवा आणि जेपीजीची प्रत वेगळी काढा. मूळ पुसून प्रत ठेवण्याचा व्यवहार इथेही करू नका.

पीएनजी चांगली, पण फोटोसाठी नाही. १९९६ साली ती वेब मानक झाली. तिच्यातही काही फेकलं जात नाही. लग्नपत्रिकेचं डिझाइन, लोगो, पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं, स्क्रीनशॉट यांना तिच्यासारखी दुसरी नाही. पण झाडांच्या पानांनी भरलेला, माणसांनी भरलेला फोटो तिच्यात ठेवला तर जेपीजीच्या कितीतरी पट जागा खातो आणि दिसायला काही वेगळा दिसत नाही. इन्स्टाग्रामवरून स्क्रीनशॉट काढून आणला आणि तो पीएनजी आहे म्हणून दर्जा चांगला, असं समजणारे ग्राहक येतात. स्क्रीनवर जेवढं होतं तेवढंच त्यात उतरतं, त्याच्यापेक्षा जास्त येणार नाही. वेबपीचंही थोडक्यात. गूगलने २०१० साली आणली, वेबसाइट हलकी करायला ठीक, घरात साठवायला घेऊ नये.

गूगल फोटोजवर ठेवणाऱ्यांनी सेटिंग एकदा बघावं. ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर फोटो दाबून ठेवले जातात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर लहानही होतो. ‘ओरिजिनल क्वालिटी’ असेल तर जसाच्या तसा. १ जून २०२१ पासून दोन्हीही १५ जीबीच्या फुकट जागेतूनच मोजले जातात, त्यामुळे दाबून ठेवण्यातला पूर्वीचा फायदा तसाही कमी झाला आहे. आमच्या घरचे फोटो ओरिजिनलमध्ये आणि शिवाय दोन हार्ड डिस्कवर असतात. एक डिस्क स्टुडिओत आणि एक माझ्या माहेरी एरंडोलला.

जेपीईजी एक्सएल या जेपीजीच्या नव्या वारसदार फॉरमॅटबद्दल मला उत्सुकता आहे. तो जुन्या जेपीजी फाइल्स एकही पिक्सेल न बदलता साधारण पाचव्या हिश्शाने लहान करून देतो, आणि हव्या तेव्हा मूळ जेपीजी परत काढता येते. स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर असा पाचवा हिस्सा मोकळा झाला तर मला हवाच आहे. पण पाचोऱ्यातल्या ग्राहकाच्या टीव्हीवर तो उघडेपर्यंत मी त्याच्यात काही देणार नाही.

लग्नाचं बुकिंग करताना लोक ड्रोन किती वेळ उडणार, अल्बमची पानं किती, एवढंच विचारतात. त्याच बैठकीत हेही विचारा की पेनड्राइव्हवर फोटो कसे मिळणार. पूर्ण आकाराचे, की व्हॉट्सॲपला पाठवायला लहान केलेले? निवडलेलेच, की सगळे? रॉ किती दिवस ठेवणार? आमच्या पावतीवर ही ओळ छापलेली आहे: ‘पूर्ण आकाराच्या जेपीजी पेनड्राइव्हवर दिल्या जातील, रॉ फाइल्स अल्बम दिल्यापासून एक वर्ष स्टुडिओकडे राहतील.’ तुमच्या फोटोग्राफरच्या पावतीवर अशी ओळ नसेल तर ॲडव्हान्स देण्याआधी त्याच्या हाताने लिहून घ्या.